मेहुणाचे पाट

माझा आवाज बारीक आहे. सासरी आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "हिच्या हाकेनं गाय कानसुद्धा हलवत नाय." त्यात माझा रोजचा नेम. पहाटे उठल्यापासून पूजा होऊन तुळशीला पाणी घालेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. त्यामुळे घराला माझ्या न बोलण्याची इतकी सवय झाली की मी दिवसभरच मुकी आहे असं धरून सगळे चालत. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत. त्यात पहिला नंबर चिमणाबाईंचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा. त्या दिल्या सायखेड्याला, पण जीव सगळा माहेरात.

आमचा मळा मखमलाबादकडे. गुलाब, शेवंती, आणि हंगामाला येईल ती भाजी. मुलगा भारत पहाटे टेम्पो भरून फुलबाजारात जातो, द्वारका चौकात मुंबईच्या गाडीत पाट्या चढवतो आणि दहा-साडेदहाला परत येतो. त्याची बायको शुभांगी ही माझ्या सख्ख्या भावाची, दिंडोरीच्या लहानूची लेक. तिला मी मागून आणली. एकोणऐंशी सालच्या भाऊबीजेला लहानूनं ओवाळणीची साडी पुढं केली, तसं मी ताट मागं घेतलं. म्हटलं, "साडी नको. ही दे." चार महिन्यांची शुभांगी त्याच्या मांडीवर होती. तो हसला आणि पोर उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवली. भाच्याला मामाची मुलगी करायची आमच्यात रीतच आहे, म्हणून ते कुणी हसण्यावारी नेलं नाही. एकोणीस वर्षांनी लग्न लागलं. ती मला सासूबाई कधीच म्हणाली नाही. आत्याच म्हणते.

नव्व्याण्णव साली तिला पहिली मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, पावणेतीन किलोची, डोकं केसांनी भरलेलं. रडली तीही खणखणीत. चार तासांनी तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. श्वास घेताना पोट आत ओढलं जायचं, नाकपुड्या फुलायच्या. चौथ्या दिवशी गेली.

दोन हजार दोनमध्ये मुलगा झाला. तोही पुऱ्या दिवसांचा, तसाच रडला, आणि दुपारपर्यंत त्याच्याही बरगड्यांखाली तोच खड्डा. या वेळी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीण पूजा मॅडम यांनी त्याच्या घशातल्या नळीतून एक पांढरं औषध सोडलं. बाळ गुलाबी झालं. मी आणि शुभांगीनं एकमेकींचे हात धरले. अर्धा दिवस गेला आणि रंग पुन्हा उतरला. पाचवीला आम्ही घरी सटवाईपुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाळ तिकडं काचेच्या पेटीत होतं, तरी ठेवलं. अकराव्या दिवशी तो गेला.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आजी, दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांना असं होतं. पुऱ्या दिवसांच्या, एकाच घरातल्या दोन बाळांना असं होत नाही. तुमच्यात आणखी कुणाची गेलीत का अशी?"

"माझ्या आईची तीन गेली," मी म्हटलं. "माझे आईवडील पण मामे-आत्येच. मी चौथी. नवसानं वाचले म्हणून नाव नवसाबाई. मग लहानू झाला."

त्या लिहून घ्यायला लागल्या. मी आणखी सांगितलं, ते त्यांनी लिहिलं नाही. माझ्या आईला गावात कुणी बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नसत. 'तीन खाल्ली' असं तिच्या तोंडावर म्हणत. ती ऐकून घ्यायची. तिचाही आवाज बारीकच होता.

आणि मग जे मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं ते त्या परक्या बाईला सांगितलं. "मॅडम, चूक माझी आहे. हे बाळ नीट व्हावं म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. त्यात मीठ चालत नाही. आठव्या सोमवारी पुतणीच्या हळदीला मी पिठलं ढवळत होते. आचाऱ्यानं पळी पुढं केली, 'काकू, बघा बरं जमलं का.' सवयीनं मी जीभ लावली. तेव्हाच मला कळलं की आता काहीतरी होणार."

मला वाटलं, शिकलेली बाई आहे, हसेल. त्या हसल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "आजी, हे तुमच्या आठव्या सोमवारच्या आधीचं आहे. किती आधीचं ते बघू या."

बाळाचं रक्त त्यांनी आधीच ठेवलं होतं. भारतचं आणि शुभांगीचं घेतलं. ही तपासणी आपल्याकडं होत नव्हती. मॅडमचे शिकवणारे एक सर परदेशात होते, त्यांच्याकडं पाठवणार होत्या. मी पदर सावरून हात पुढं केला. "माझंही घ्या."

"तुमचं कशाला?"

"भारतमध्ये जे काही असेल ते माझ्याकडून आलं असेल नाहीतर त्याच्या बापाकडून. कुणाकडून ते मला कळू दे."

रक्त गेलं त्या सोमवारी मी पुन्हा पहिल्यापासून सोळा धरले. या वेळी काही मागितलं नाही. कपालेश्वराच्या पायऱ्या चढून गेले. तिथं महादेवासमोर नंदी नाही, त्यामुळं मधे कुणाला घालायचं नसतं, थेट बोलायचं. मी म्हटलं, जे खरं असेल ते कळू दे, आणि ते सांगायला तोंड दे.

पंधराव्या सोमवारानंतर रिपोर्ट आला. मॅडमनी आम्हाला तिघांना समोर बसवलं, मला, भारतला आणि शुभांगीला. भारतला विचारलं, "शेवंती भरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या ओल्या झाल्या की काय होतं?"

"आतून चिकटतात," भारत म्हणाला. "किती बी फुंका, तोंड उघडत नाय."

"फुप्फुसात तशाच लाखो बारीक पिशव्या असतात, आतून ओल्या. श्वास सोडला की त्या चिकटायला हव्यात. चिकटत नाहीत, कारण शरीर आतून एक साबणासारखा थर देतं. तो थर नीट बसायला एक प्रथिन लागतं. तुमच्या बाळाला ते बनवताच येत नव्हतं. मी औषधानं वरून थर दिला, तो अर्धा दिवस पुरला."

मग त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. ते प्रथिन कसं बनवायचं याचा लेख प्रत्येकाच्या अंगात दोनदा असतो, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. एक बिघडला तर दुसऱ्यावर काम चालतं, माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. भारतचा एक बिघडलेला होता, शुभांगीचाही एक. बाळाला दोन्ही बिघडलेले मिळाले. प्रत्येक खेपेला चारातून एकदा असं होऊ शकतं, असं त्या म्हणाल्या. पहिलीचं रक्त कुणी ठेवलं नव्हतं, पण तिचंही तेच असणार.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुमच्यातही तोच बिघाड आहे, आजी. अगदी त्याच जागी. भारतला तो तुमच्याकडून आलाय. शुभांगीला तुमच्या भावाकडून आला असणार. तुम्हा भावंडांना आईवडिलांकडून."

शुभांगी माझ्याकडं बघत राहिली. माझ्या डोळ्यांपुढं ते भाऊबीजेचं ताट आलं. लहानूनं लेक ठेवली होती ते.

"दिशाला पण असेल?" भारतनं विचारलं. दिशा त्याची धाकटी बहीण.

"निम्मी शक्यता. असलं तरी तिला स्वतःला काही त्रास नाही. जोडीदार नात्यातला नसला तर बाळांना भीती जवळजवळ नाहीच." मॅडमनी भारत-शुभांगीकडं बघितलं. "तसं तर तुम्हा दोघांचंही आहे. म्हणून मी लपवत नाही."

घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना, गोटीरामांना, जसंच्या तसं सांगितलं. ते खाटेवर बसून तंबाखू मळत होते.

"हे उंबऱ्याबाहेर न्यायचं नाय," ते म्हणाले. "दिशाचं ओझरला जमत आलंय. रक्तात खोट हाय म्हणल्यावर कोण करंल? भोगू आपण, गप बसून."

"आणि शुभांगीला लोक बोलतात ते?"

"लोक बोलायचेच."

शुभांगीला बोलत ते असं. डोहाळेजेवण असलं की तिला चुलीपाशी बसवायचं, ओटी भरायला पुढं येऊ द्यायचं नाही. बारशाला बोलावणं यायचं ते 'घरातल्या सगळ्यांना', आणि दारात कुणीतरी हळूच म्हणायचं, 'सुनेला आणलं का?' माझ्या आईचंच सगळं पुन्हा, नाव तेवढं बदललेलं.

चार दिवसांनी चिमणाबाई आल्या. आमच्या ह्यांनी बहिणीला निम्मं सांगितलं होतं. दुसऱ्या बायकोला बाळं नीट होतील एवढं सांगितलं आणि बिघाड भारतमध्येही आहे, तो माझ्याकडून आलाय, ते गिळलं. त्यांनी माझ्या उद्यापनाची सगळी व्यवस्था अंगावर घेतली. सतराव्या सोमवारी व्रताची सांगता. त्या दिवशी मेहूण जेवायला बसवायचं असतं. मेहूण म्हणजे नवराबायकोची जोडी. त्यांना देव मानायचं, पाय धुवायचे, मग वाढायचं.

"मेहूण माझा दीपक आन् त्याची बायको बसतील," चिमणाबाई म्हणाल्या. "लेकुरवाळं पाहिजे. आन् नवसा, शुभांगीला दोन दिस दिंडोरीला धाड. पाव्हणेरावळे येणार, तिला बी वाईट वाटंल."

मी काही बोलले नाही. त्यांनी ते हो धरलं.

रविवारी संध्याकाळी चिमणाबाईंबरोबर सायखेड्याच्या सगुणाबाई आल्या. जाडजूड, हसतमुख बाई. सोमवारी सकाळी मी अंगणात पूजेला बसले होते आणि त्या दोघी ओट्यावर चहा घेत होत्या. माझ्यापासून चार हातांवर.

"ही आईकती का?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आईकंल, पण बोलायची नाय. तिचा नेम हाय." चिमणाबाईंनी पिशवीतून फोटो काढला. "तुमच्या पुतणीचा फोटो भारतला दावला नाय अजून. आज जेवणं झाल्यावर दावू. पोरगं बाजारातून आलं की बघा नीट, कसं उंचपुरं हाय. दिंडोरीवाली आज जाईल ती परत यायची नाय. तिच्या बापाला नंतर समजून सांगू. शेवटी भाऊ तो नवसाचाच, काय बोलंल?"

नेम मोडायचा नव्हता. मी हातातलं उरलेलं बेलाचं एकेक पान वाहिलं. एकशेआठ होती, एकही चुकवलं नाही. मग उठले, तुळशीला पाणी घातलं, तांब्या पालथा ठेवला आणि सरळ आतल्या खोलीत गेले.

शुभांगी पिशवी भरत होती. दिशा दारात उभी, डोळे लाल.

"आई, हिला खरंच पाठवतेस?"

मी पिशवीतली साडी काढून घेतली. भाऊबीजेची हिरवी, लहानूनं त्या दिवशी मागं नेलेली आणि हिच्या लग्नात हिलाच दिलेली. "ही नेस," मी म्हटलं. "आणि बाहेर ये."

"आत्या, नको. भांडण होईल."

"होऊ दे की. माझ्या आवाजात कितीसं होणार?"

ती हसली. किती दिवसांनी.

मग मी दिशाकडं वळले. "आज मी बोलले तर ओझरचं मोडेल. तुला विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

दिशा डी.एड. करत होती, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलायची. म्हणाली, "मी त्यांना आधी सांगणारच होते. ऐकून जो पळेल त्याच्या घरी मला जायचं नाही. तू बोल. आणि जरा मोठ्यानं बोल."

साडेदहाला पंगत मांडली. भावकीतल्या पंधरा-वीस बाया, चार-पाच पुरुष. देव्हाऱ्यासमोर दोन पाट, भोवती रांगोळी, पुढं चुरम्याचा नैवेद्य. दीपक नवा सदरा घालून आणि त्याची बायको नाकात नथ घालून पाटाजवळ उभे होते. दीपक गुणाचा पोरगा. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"दीपक," मी म्हटलं, "तू आणि सूनबाई पंगतीत बसा बाबा. पाटावर माझी मुलं बसतील."

मी म्हटलं ते दोघातिघांनीच ऐकलं असेल, पण दीपक बाजूला झाला आणि आतून हिरवी साडी नेसून शुभांगी आली, तसं सगळ्यांना ऐकू गेलं.

"नवसा!" चिमणाबाई उठल्याच. "डोस्कं फिरलं का? दोन बाळं गेलेली बाई मेहूण म्हणून बसवती? व्रत बाटंल तुझं!"

"वन्सं, तिची गेली ती माझ्या रक्तानं गेली."

"काय?" मागून कुणीतरी म्हणालं. "काय म्हणली ती? आईकू येईना."

वाढणं थांबलं. बाया पुढं सरकल्या. मी आवाज चढवला नाही, मला चढवता येत नाही. गप्प त्यांनाच व्हावं लागलं.

"माझ्या रक्तात एक बिघाड आहे," मी म्हटलं. "माझ्या आईवडिलांच्या घरातून आलेला. तो भारतला मी दिला. शुभांगीला माझ्या भावानं दिला. दोन्हींकडून मिळाला की बाळाचं फुप्फुस उघडत नाही. कागद आहे माझ्याकडं, त्यावर माझं नाव आहे. ह्या पोरीला काढायचं असेल तर ज्या घरातून ते आलं त्या घरातल्या मोठीला आधी काढा. माझी पिशवी भरायला वेळ लागणार नाही. चार लुगडी आणि पोथी."

"गप बस!" आमचे हे दारातून ओरडले. "दिशाचा इचार कर!"

"बाबा, तिनं माझा विचार घेतलाय," दिशा म्हणाली. "तुम्हीच तेवढे राहिलात."

एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. चिमणाबाई मात्र हसण्यावारी नेणाऱ्या नव्हेत. त्या कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आल्या. "बरं, तुझ्या रक्तानं तर तुझ्या रक्तानं. पण दुसरी केली तर भारतला बाळं धडधाकट होतील, हे तुझ्या डॉक्टरणीनंच सांगितलं का नाय? बोल! देवासमोर उभी हायेस, खोटं बोलू नको."

ती खरी गोष्ट होती. मी खोटं बोलणार नव्हते.

"सांगितलं," मी म्हटलं. "आणि असंही सांगितलं की शुभांगीनं दुसरा केला तर तिलाही धडधाकट होतील. सगुणाबाई, तुमच्याकडं पुतणीचं स्थळ आहे ना? एखादा पुतण्या पण बघा. दोघांचे मांडव एकाच दिवशी घालू. शुभांगीची पाठवणी मीच करीन."

सगुणाबाईंच्या हातातला द्रोण कलंडला. "आगं बाई, मला काय सांगितलं होतं," त्या चिमणाबाईंकडं बघत म्हणाल्या, "की सून आपणहून माहेरी गेलीय म्हणून! ही तर हितंच उभी हाय, हिरवं नेसून!" त्यांनी फोटोसाठी हात पुढं केला. "द्या इकडं. आमची पोर काय रस्त्यावर पडली न्हाई."

तेवढ्यात टेम्पो वाजला. भारत आला. फुलांच्या पाकळ्या चिकटलेला सदरा, पायाला पोटरीपर्यंत बाजारातला चिखल. दारात त्याच्या बापानं त्याचा दंड धरला.

"भारत, तिकडं जायचं नाय. पाटावर बसायचं नाय. मी सांगतो."

भारत तसा बापाच्या शब्दाबाहेरचा नाही. पहिली मुलगी गेली तेव्हा त्यानं टेम्पोत बसून रडून घेतलं आणि बाहेर येऊन बाप म्हणेल त्याला 'हो' म्हटलं. दुसरा गेला तेव्हाही. मला तर वाटलं, आता हा पुन्हा 'हो' म्हणणार. शुभांगी एका पाटावर बसली होती, खाली मान घालून. शेजारचा पाट रिकामा. माझा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचणार नव्हता. पोचला असता तरी हे मी त्याच्याऐवजी करू शकत नव्हते.

तो पाटाकडं बघत राहिला. मग दंड हलकेच सोडवून म्हणाला, "आई, पाय धुवायला पाणी कुठंय? चिखल हाय लय."

"ये," मी म्हटलं. "पाणी माझ्याकडं आहे. मेहुणाचे पाय व्रत करणारीनंच धुवायचे असतात."

मी परात ओढली. आधी शुभांगीचे पाय घेतले. ती मागं सरायला लागली, "आत्या, तुम्ही नको." मी घोटा घट्ट धरला. तिच्या टाचांना भेगा होत्या, मळ्यातल्या. धुतले, पुसले, कुंकू लावलं. मग भारतचे. परातीतलं पाणी काळं झालं, दिशानं दोनदा बदललं. कुणी उठून गेलं नाही. आमचे हे मात्र गेले, मळ्याच्या बाजूला, पाठ करून. जाऊ देत. संध्याकाळी भूक लागली की येतात, सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

ओटी भरताना नारळ शुभांगीच्या पदरात घातला तशी ती हळू म्हणाली, पण पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतपत, "आत्या, तिसऱ्याचं मी ठरवीन. हवं का नको, आमचंच का कुणाचं दत्तक आणून. तुमच्या सोळा सोमवारांनी नाही."

"तूच ठरव," मी म्हटलं. "माझे सोमवार माझे आहेत."

चिमणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, न जेवता. मी द्रोणात चुरमा घेऊन गेले. "वन्सं, माझ्यावर राग धरा. प्रसादाला नाही म्हणू नका."

"बारीक आवाजाची," त्या म्हणाल्या, "आन् सुरी हायेस सुरी." पण द्रोण घेतला.

सगळ्यांचं झाल्यावर माझं पान मांडलं. व्रत संपलं होतं, आता सगळं चालणार होतं. वाढायला शुभांगी आली. तिनं पानाच्या वरच्या कोपऱ्यात आधी चिमूटभर मीठ वाढलं आणि माझ्या तोंडाकडं बघत तशीच उभी राहिली. तिला आठव्या सोमवारचं मी रिपोर्टच्या दिवशी सांगितलं होतं.

मी भाताला हात लावला नाही. सगळ्या बाया बघत असताना बोट मिठात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.